तेल्हाऱ्याची अझेलिया

अमरावतीच्या एका कॉलेजात मी चौतीस वर्षं मेलेली झाडं सांभाळली. माझ्या हुद्द्याचं नाव हर्बेरियम कीपर. बँकेत, रेशनच्या दुकानात, मुलाच्या शाळेत, जिथे म्हणून हे नाव सांगितलं तिथे समोरच्यानं "काय म्हणालात?" असं विचारलंच. पुढेपुढे मी "कॉलेजात आहे" एवढंच सांगायला लागले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गुडघे गेले. डांबरगोळ्यांचा वास नाकात बसला तो बसलाच. आणि रस्त्यानं चालताना कुणाच्या कुंपणावरची वेल दिसली की तिचं कूळ आपोआप मनात येतं. नको असतं, तरी येतं.

काम काय होतं ते सांगते. झाडाची फुलासकट फांदी आणायची, जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत नीट पसरायची, दोन लाकडी चौकटींमध्ये पट्ट्यानं आवळून दाबायची. रोज कागद बदलायचे. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी येते. पूर्ण वाळली की जाड पांढऱ्या कागदावर ठेवून सुईदोऱ्यानं टाके घालायचे आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. झाडाचं कूळ, वंश, जात, कुठे मिळालं, कोणी गोळा केलं. मग कुळाप्रमाणे कपाटात. बास, एवढंच. पण चिठ्ठी चुकली तर पन्नास वर्षांनी ते कपाट उघडणारा माणूसही चुकणार, म्हणून माझा सगळा जीव त्या चिठ्ठीत असायचा. प्राध्यापक लोक नाव सांगून मोकळे होत. मी ते तपासून, पुस्तकाशी ताडून, मगच लिहायची. दोन-तीन वेळा मोठ्या माणसांची नावं मी खोडून परत पाठवली आहेत. त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

बाहेरचे लोकही यायचे. पोलीस एकदा रुमालात बिया बांधून घेऊन आले, धोतऱ्याच्या की मिरचीच्या ते सांगा म्हणून. दोन्ही चपट्या, पिवळसर, नुसत्या डोळ्यांनी पटकन फरक कळत नाही. भिंगाखाली धरल्या. धोतऱ्याच्या होत्या. पुढे त्या प्रकरणाचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. बडनेऱ्याचे एक वैद्य दरवर्षी एकच मुळी घेऊन येत. त्यांना तिचं नाव जे हवं असे ते मी कधीच सांगितलं नाही. ते रागावून जात आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर होत. त्यांना बहुतेक वाटायचं की बाई कधीतरी कंटाळेल.

कंटाळा यायचा. पण नाव मी बदललं नाही. नावाच्या बाबतीत मी अशी हटवादी, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

निवृत्तीनंतर आमच्या गावातल्या एका बागप्रेमी मंडळानं मला त्यांच्या पुष्पप्रदर्शनाला बोलवायला सुरुवात केली. जानेवारीच्या शेवटी दोन दिवसांचं प्रदर्शन असतं. मोठ्या मैदानावर मांडव घालतात, गुलाब, शेवंती, डेलिया, अझेलिया, निवडुंग असे गट असतात, प्रत्येक गटाला परीक्षक आणि बक्षीस. माझं टेबल दारातच. वर पाटी, 'वर्गीकरण'. लोक कुंड्या घेऊन येतात, पण आपलं झाड नक्की कोणतं हे अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. मी पाहून कार्डावर नाव लिहायचं, खाली सही करायची. त्या कार्डाप्रमाणे कुंडी गटात जाते.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी गर्दी होती. माझ्या टेबलापासून पार फाटकापर्यंत कुंड्या लागल्या होत्या. त्या रांगेत एक बाई उभी होती, पन्नाशीची, नऊवारी नाही, साधं सुती पातळ, डोक्यावर पदर. कमरेवर मूल घेतात तशी कुंडी घेतलेली. कुंडीवर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. तिचा नंबर आला तेव्हा तिनं फडकं सोडलं, आणि मी खुर्चीवरून उठलेच.

विटकरी गुलाबी रंगाची फुलं होती. पानं दिसू नयेत इतकी.

"मॅडम, हे कोन्या गटात मांडू?" बाई म्हणाली. "पोरगा म्हनते रोडोडेंडन हाय. थो फौजेत हाय. सिक्कीमले होता, तिकून आनलं त्यानं."

"तुम्ही कुठून आल्या?"

"तेल्हाऱ्याहून. लीलाबाई राऊत. आमचा फुलाभाजीचा धंदा हाय."

"आणि हे किती दिवसांचं आहे?"

"सा वर्सं झाले."

मी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलत असेल असं वाटलं. बुंध्याकडे पाहिलं. अंगठ्याएवढा जाड, लाकूड झालेला बुंधा. खोटं नव्हतं.

ज्यांना यातलं नवल कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. हे झाड एरिकेसी कुळातलं. थंड डोंगराळ मुलखातली ही मंडळी. यांना माती आंबट लागते आणि चुन्याचं तर यांना वावडंच. आपली वऱ्हाडातली काळी माती चुनखडीनं भरलेली, आणि तेल्हारा तर खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं, बोरचं पाणी खारट. त्या पाण्यानं हे झाड महिनाभरात पिवळं पडतं, पानांच्या नुसत्या शिरा हिरव्या राहतात, आणि मरतं. अमरावतीत हौशी लोक दर हिवाळ्यात हे झाड कुंडीत विकत आणतात. पंधरा दिवस फुलं बघतात आणि फेकतात. सहा वर्षं कुणी जगवलेलं मी ऐकलंही नव्हतं.

आमच्या कॉलेजच्या कपाटात या कुळाचे जे काही कागद होते ते सगळे दार्जिलिंगकडून, उटीकडून अदलाबदलीत आलेले. वऱ्हाडातला एकही नाही. मी जन्मभरात या कुळाची ताजी फांदी हातात धरून चिठ्ठी लिहिली नव्हती. त्यामुळे मला झालं काय, तर आनंद झाला. तो आनंदच नडला.

मी एक फूल मागितलं. लीलाबाईनं स्वतः खुडून दिलं. मी ते उकललं, भिंग लावलं. पाच पाकळ्या, बुडाशी जुळलेल्या. पुंकेसर मोजले. दहा. परागकोशाच्या टोकाला दोन बारीक भोकं, त्यातून पराग बाहेर येतो. या कुळाची खूण.

आता या दहाचं महत्त्व असं. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका पंडितानं नियम घालून दिला होता. पुंकेसर पाच असले तर अझेलिया, दहा असले तर ऱ्होडोडेंड्रॉन, दोन वेगळे वंश. पुढे लोकांच्या लक्षात आलं की हा नियम टिकत नाही. काहींना पाच, काहींना सात, काहींना दहा. तेव्हा अझेलिया हा वंशच मोडीत काढला आणि सगळी ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये घातली. बागवाल्यांनी मात्र जुनं नाव सोडलं नाही. कुंडीत मिळणारं ते अझेलिया, हे नाव बाजारात कायम राहिलं. म्हणजे लीलाबाईचं झाड शास्त्रानं ऱ्होडोडेंड्रॉन आणि बागेच्या भाषेत अझेलिया. दोन्ही खरं. हे मला त्या सकाळीही माहीत होतं.

मी भिंग लावून मोजत असताना लीलाबाई म्हणाली, "एखांदा नंबर आला तं बरं होईन मॅडम. घरी दाखवाले पाह्यजे."

"येईल ना," मी म्हणाले. माझं लक्ष फुलात होतं.

मी कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ऱ्होडोडेंड्रॉन'. खाली सही केली. मागे रांग वाढत होती. पाणी कोणतं घालता, माती कोणती, तेल्हाऱ्याच्या उन्हाळ्यात हे जगलं कसं, यातलं मी काही विचारलं नाही. दुपारी निवांत विचारू म्हटलं.

दुपारी जेवण झाल्यावर मी मांडवात फिरायला निघाले. अझेलियाच्या गटात पाच कुंड्या. पहिल्या नंबराची चिठ्ठी लागली होती. त्या कुंडीच्या कडेला रोपवाटिकेचं प्लास्टिकचं लेबल अजून लटकत होतं, म्हणजे आठवड्यापूर्वीच आणलेली. स्पर्धकाकडे झाड तीन महिने तरी असावं असा मंडळाचाच नियम आहे. लीलाबाईची कुंडी त्या गटात नव्हती. शोधत गेले. मांडवाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, एका खांबाशी ती ठेवलेली होती. कार्डावर माझ्या अक्षराखाली लाल शाईनं लिहिलेलं, 'गट नाही. केवळ प्रदर्शनार्थ'.

मी तशीच मंडळाच्या सचिवांकडे गेले. निवृत्त अभियंता, शिस्तीचे गृहस्थ.

"सर, ते टाकीजवळचं झाड अझेलियाच्या गटात हवं होतं."

"तुम्हीच तर ऱ्होडोडेंड्रॉन लिहिलं."

"ते ऱ्होडोडेंड्रॉनही आहे."

"मॅडम, एक काहीतरी सांगा."

"दोन्ही एकच आहे सर. सगळ्या अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच असतात."

"मग त्या पाच कुंड्यांवर तुम्ही अझेलिया का लिहिलं?"

त्या पाचांचे मालक अझेलिया म्हणत आले, मी मान डोलावली आणि लिहून टाकलं. फूल उकललं नाही की मोजलं नाही, कारण ती बाजारातली झाडं होती. जे झाड मला खरोखर मोलाचं वाटलं, त्यालाच मी शास्त्राचं नाव दिलं आणि गटाबाहेर घालवलं.

"परीक्षक गेले," सचिव म्हणाले. "निकाल लागला. कार्डावर सही तुमची आहे. आता मी काय करू, सांगा."

मी त्या प्लास्टिकच्या लेबलाबद्दल बोलायला हवं होतं. पण ताबा तपासणं माझं काम नव्हतं, माझं काम नाव लिहिणं, असं मनाला सांगत मी गप्प बसले. मागे लीलाबाई उभी होती. तिनं किती ऐकलं कुणास ठाऊक.

"काहून मॅडम? माह्या झाडाचं काई चुकलं का?"

"झाडाचं काही चुकलं नाही. गटात बसलं नाही."

"बरं," ती म्हणाली. खाली बसून तिनं कुंडीवर फडकं बांधलं. फुलं दबू नयेत म्हणून सैल बांधलं. अकोटची गाडी पाचला होती.

दुसऱ्या दिवशी मंडळाला पत्र लिहिलं, चूक माझी, झाड अझेलियाच्या गटातलं, कार्ड दुरुस्त करावं. उत्तर नाही. पंधरा दिवसांनी सचिवांच्या घरी गेले. ते म्हणाले, बैठकीत ठेवतो. बैठक मार्चमध्ये झाली. तिथे एक जण म्हणाला, बाई आता निवृत्त झाल्या, त्यांना वेळ आहे. दुसरा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मी म्हणाले, पुढच्या वर्षी मी येणार नाही, यंदाचं यंदा बघा. शेवटी 'विशेष उल्लेखनीय' असं एक प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. ते छापून, सह्या होऊन हातात यायला एप्रिल संपत आला.

अर्जावर पत्ता होता. फोन नंबरही होता, पण फोनवर काय बोलणार. प्रमाणपत्र पोस्टानं पाठवायचं नव्हतं. सकाळच्या एसटीनं दर्यापूरवरून अकोट आणि तिथून गाडी बदलून तेल्हारा. डोक्याला ओला रुमाल, हातात पाण्याची बाटली. उतरले तेव्हा गुडघे बोलत होते. राऊतांचं घर गावाच्या कडेला, टिनाचं. बाहेर कडुलिंब, लिंबाखाली बाज, बाजेवर एक म्हातारा. आणि बाजेच्या पायाशी ती कुंडी.

झाड वाळलेलं होतं. काही पानं अजून फांदीला होती, तपकिरी, हात लावला तर गळतील अशी.

लीलाबाई बाहेर आली. तिनं मला ओळखलं. "मॅडम? या उनात कुठं आल्या?" तिनं बाजेची दुसरी बाजू पुसून दिली. "हे माहे सासरे."

मी बसले. पिशवीतून प्रमाणपत्र काढायचं धाडस होईना.

"हे कधी झालं?" मी कुंडीकडे पाहून विचारलं.

"होळीच्या पुढं मान टाकली," ती म्हणाली. मग जमिनीवर बसून तिनं मला सगळं सांगितलं, मी जानेवारीत न विचारलेलं. टिनावरून पडणारं पावसाचं पाणी ती तीन ड्रममध्ये भरून झाकून ठेवायची. बोरच्या पाण्यानं झाडाची पानं पिवळी पडतात हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पोरानं दोन रोपं आणली होती, त्यातलं एक त्यातच गेलं होतं. माती म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा सागाखालचा कुजलेला पाला, आणि चौकातल्या हॉटेलातली उकळलेली चहापत्ती. उन्हाळ्यात कुंडीभोवती ओलं पोतं. कुणी शिकवलं नव्हतं. पान पाहून करत गेली.

"तीन ड्रम पानी ऱ्हाये," ती सासऱ्यांकडे पाहून म्हणाली. "मामाजीले मुतखडा हाय. डाक्टरनं बोरचं पानी बंद केलं. नळ येते आठ-दहा दिसानं. दोन ड्रम मामाजीचे, एक झाडाचा. घरचे बोलत. मानसाले पानी नाई अन् झाडाले काहून? मी म्हनलं, एक डाव परदर्शनात नेऊ द्या. नंबर आला तं झाडाचा ड्रम झाडाचा, मंग कोनी बोलाचं नाई. नाई आला तं मी सोताच सोडून देईन."

"आणि सोडलात."

"शब्द देल्ला होता ना."

बाजेवरचे सासरे म्हणाले, "मी म्हनलं हिले, मले नको थे पानी. सत्तर वर्सं याच पान्यावर काढले. झाडाले घाल. दिवसभर मी हाय अन् थे हाय इथं, बरं वाटे. पन आइकलंच नाई."

मी म्हणाले, "लीलाबाई, चूक माझी होती. मी दुसरं नाव लिहायला हवं होतं. तुमचं झाड त्या गटातलंच होतं. पहिलं आलं असतं." आणि प्रमाणपत्र काढून दिलं.

तिनं हात पदराला पुसले. प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरलं. वाचायला वेळ लागला.

"तुमची कुठं चूक मॅडम," ती म्हणाली. "तुमी तं बरोबरच लिहेल होतं. मी पोराले फोन करून विचारलं. थो म्हने, रोडोडेंडनच हाय."

चौतीस वर्षं मी बरोबर लिहिण्याचा पगार घेतला होता.

तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकर, वांग्याची भाजी, वरण. ताट वाढताना म्हणाली, "बोरच्या पान्यात डाय शिजत नाई मॅडम, कडक ऱ्हायते. यंदा झाडाच्या ड्रमाच्या पान्यात शिजवून राहिलो. मामाजीले चावत नाई ना." वरण खरंच मऊ शिजलं होतं. सासरे बोटांनी कालवून सावकाश खात होते, त्यांना आवडलेलं दिसत होतं. मी वाटीतलं संपवलं. पुन्हा घेतलं नाही.

निघताना मी तिला एक फांदी मागितली.

"मेलेल्याचं काय करता?"

"माझं कामच ते होतं," मी म्हणाले.

ती हसली. विळ्यानं तिनं एक फांदी हलकेच कापली, पानं गळू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. एसटीत मी ती मांडीवर आडवी धरून आणली. अकोटपर्यंत जागाच मिळाली नव्हती, उभ्यानं छातीशी धरली. तरी तीन पानं टिकली.

घरी कागद होता, सुईदोरा होता. सवय गेली आता, टाके वाकडे पडले. चिठ्ठी लिहायला मात्र संध्याकाळ गेली. कूळ एरिकेसी. वंश ऱ्होडोडेंड्रॉन, आणि त्याच ओळीत, बागेतलं नाव अझेलिया. चिठ्ठीवर बागेतलं नाव लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ठिकाण, तेल्हारा, घरासमोर, कुंडीत. शेरा, पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर सहा वर्षं जगली. गोळा करणार, लीलाबाई राऊत. सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. हर्बेरियम आता जिन्याखालच्या खोलीत हलवलंय, जुन्या जागी संगणक बसले. तिथल्या नव्या बाई चांगल्या आहेत. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि जरा संकोचानं म्हणाल्या, "मॅडम, हा लागवडीतला नमुना आहे. फूल नाही. पानंसुद्धा तीनच. असे नमुने आपण घेत नाही ना?"

"नाही घेत," मी म्हणाले. "तो नियम मीच लिहून भिंतीवर लावला होता."

"मग?"

"ठेवा तरी."

त्यांनी कपाट उघडलं. त्या कुळाची फाईल सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. मला वाकता येत नाही, म्हणून त्याच खाली बसल्या, उटीच्या कागदांखाली हा कागद सरकवला आणि कपाट लावून घेतलं.